मलेरियाच्या मुलखातल्या बी पेशी

चिचगडच्या ग्रामीण रुग्णालयात चाळिशीची एखादी बाई आली आणि म्हणाली, ‘बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही,’ तर तिच्या दुखण्याचं मूळ कुठे शोधायचं? आषाढ-श्रावणात दिवसभर वाकून चिखलात परे लावल्यामुळे अंग धरलं असेल. सिकलसेलची कळ असेल. चिकुनगुनियाचा ताप उतरल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी असेल. कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनमध्येही हातपाय सुजतात आणि सांधे ठणकतात. क्षयाच्या संसर्गातून उद्भवणारी सांध्यांची सूजही असते. यातलं काहीच नसेल, तर जंतूंशी लढणाऱ्या तिच्या स्वतःच्या बी पेशी तिच्याच सांध्यांवर उलटल्या असतील. याला गावात वात म्हणतात आणि डॉक्टर आमवात किंवा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. त्याहून घातक शक्यता ल्युपसची. तो सांध्यांवर न थांबता मूत्रपिंडापर्यंत पोचतो.

मुंबई-पुण्याच्या दवाखान्यात हीच तक्रार आली, तर डॉक्टरांच्या मनातली यादी एवढी लांब नसते. चिचगड गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत आणि गडचिरोलीच्या शेजारी वसलं आहे. भोवती जंगल, धानाच्या बांध्या, बोड्या आणि माजी मालगुजारी तलाव. गोंड आणि हलबा वस्ती मोठी. पाणी साचलं की डास होतात आणि डासांमागून मलेरिया आणि हत्तीरोग येतात. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात कुष्ठरोग अजून संपलेला नाही आणि सिकलसेल अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. इथल्या माणसाच्या रक्ताने लहानपणापासून जे सोसलेलं असतं, ते युरोपातल्या शहरी माणसाच्या रक्ताने सोसलेलं नसतं.

आणि बी पेशींविषयी आज जे माहीत आहे, त्यातलं बहुतेक ज्ञान लंडन, न्यूयॉर्क, अटलांटा, एर्लांगेन अशा शहरांतल्या रुग्णांच्या रक्तातून आलं आहे. ते खरं आहे, पण अपुरं आहे. चिचगडसारख्या गावाला आपण आजवर ‘औषध सर्वांत शेवटी पोचणारं ठिकाण’ एवढंच मानलं. संशोधनाचा एखादा मूलभूत प्रश्न तिथेच सर्वांत चांगल्या रीतीने विचारता येईल, असं कुणाच्या मनात आलं नाही. ते यायला हवं, असं या लेखाचं म्हणणं आहे.

बी पेशींचा शोधही अशाच दुर्लक्षित जागी लागला होता. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी कोंबडीच्या शेपटाजवळ असलेल्या बर्सा नावाच्या लहानशा पिशवीचं काम काय, याचा शोध घेत होता. बर्सा काढलेली काही कोंबडी त्याच्या सहकाऱ्याने वर्गातल्या प्रात्यक्षिकासाठी घेतली. त्यांना जंतू टोचले, तरी त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार झाली नाहीत. ‘सायन्स’ने हा निबंध नाकारला. शेवटी १९५६ मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’ या कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला आणि रोगप्रतिकारशास्त्रज्ञांच्या नजरेस फारसा पडला नाही. १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी त्या निरीक्षणाचा अर्थ लावला तेव्हा कळलं, की प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींची एक वेगळीच शाखा असते. माणसाला बर्सा नसते. आपल्या बी पेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतात.

प्रत्येक बी पेशी आपल्या प्रतिपिंडाचा साचा जनुकांचे तुकडे कसेही जुळवून बनवते. ही जुळवाजुळव सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवली. न पाहिलेल्या जंतूलाही ओळखणारी एखादी पेशी शरीरात आधीपासून असते, ती यामुळेच. पण आंधळ्या जुळणीतून स्वतःच्याच अवयवांना शत्रू समजणारे साचेही तयार होणार. किती? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या हेड्डा वार्डेमान आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये निरोगी माणसांच्या मज्जेतल्या अगदी नवजात बी पेशी एकेक करून तपासल्या. त्यातल्या ५५ ते ७५ टक्के पेशींची प्रतिपिंडं स्वतःच्याच घटकांना चिकटत होती. पुढे मज्जेत आणि मज्जेबाहेर पडल्यावर टप्प्याटप्प्याने चाळणी लागते आणि बहुतेक घातक पेशी बाद होतात. आमवाताच्या आणि ल्युपसच्या रुग्णांत ही चाळणी गळकी असते, हे पुढच्या संशोधनातून दिसलं. म्हणजे स्वतःवर उलटण्याची शक्यता प्रत्येकाच्या हाडांत रोज जन्म घेते. आजारी माणसात ती अडवली जात नाही, एवढाच फरक.

रक्तातला हा बिघाड सांधा सुजण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. स्वीडन आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००३-०४ च्या सुमारास रक्तपेढ्यांत साठवलेले जुने नमुने काढून पाहिले. पुढे आमवात झालेल्या अनेकांच्या रक्तात पहिली तक्रार येण्याच्या कित्येक वर्षं आधीच स्वतःवर उलटणारी प्रतिपिंडं सापडली. सूज आल्यानंतरचे पहिले काही महिने फार मोलाचे असतात. त्या काळात आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी नीट सुरू झाली, तर सांधे वाकडे होणं पुष्कळ अंशी टळतं. ही गोळी महाग नाही. मात्र ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून ती समजावून देणारा माणूस समोर लागतो. चिचगडच्या परिसरात हे महिने बहुतेकदा दुखणं अंगावर काढण्यात जातात. रोवणी, मग निंदण, मग धानकापणी, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. कामाचं अंग दुखणारच, असं घर म्हणतं आणि बाई स्वतःही म्हणते. मग वैदूची मुळी होते, बाजारातली वाताची पुडी होते. अशा पुड्यांमध्ये कधीकधी न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने आठ दिवसांत बरं वाटतं, आतला आजार मात्र चालूच राहतो आणि हाडं ठिसूळ होतात.

बी पेशींवर थेट नेम धरणारं औषध ज्या वाटेने आलं, तीही वाट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रिटुक्सिमॅब हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत लिम्फोमा या कर्करोगासाठी मंजूर झालं. ते सीडी२० हे चिन्ह असलेल्या बी पेशी नष्ट करतं. त्या काळी आमवाताचं खापर मुख्यतः टी पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या शाखेवर, फोडलं जात होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले जोनाथन एडवर्ड्स आणि जेराल्डीन केंब्रिज यांचा तर्क वेगळा होता. चुकीच्या बी पेशी आपली चूक स्वतःच जोपासतात, म्हणून त्यांचा साठा एकदा रिकामा करून पाहावा, असं त्यांना वाटलं. २००१ मध्ये त्यांनी पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पाचही सुधारले होते. २००४ मध्ये १६१ रुग्णांवरच्या चाचणीने तो तर्क पक्का केला आणि २००६ मध्ये आमवातासाठी औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची स्वस्त आवृत्ती भारतात आणली. त्यामुळे आपल्याकडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही हे औषध दिसू लागलं.

भारतासाठी या औषधाची एक खास बाजू आहे आणि तिची पुरेशी चर्चा होत नाही. आमवातावरची दुसरी आधुनिक औषधं, म्हणजे टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू रोखणारी इंजेक्शनं, शरीरात दबून बसलेला क्षय जागा करू शकतात. ज्या देशात दबलेला क्षय असंख्य लोकांच्या छातीत आहे, तिथे हा धोका पुस्तकातला राहत नाही. रिटुक्सिमॅबमुळे क्षय तसा उसळत नाही. त्याआधी कावीळ-बी तपासावी लागते, पण दोन आठवड्यांच्या अंतराने दोन सलाइनमधून औषध दिलं की सहसा निदान सहा महिने पुन्हा यावं लागत नाही. चिचगडहून गोंदिया किंवा नागपूर गाठायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एक सोबती लागतो. अशा घराला वर्षातून दोन-चारदा जाणं परवडतं, दर पंधरवड्याला नाही. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना हा हिशेब करत नाहीत, आणि त्यांनी करावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. तो आपल्यालाच करायचा आहे.

ल्युपसमध्ये मात्र रिटुक्सिमॅबने निराश केलं. दोन मोठ्या चाचण्या, २०१० आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अपेक्षित फरक दाखवू शकल्या नाहीत. औषध रक्तातल्या बी पेशी मारतं, पण ऊतींच्या आत लपलेल्यांपर्यंत पुरेसं पोचत नाही, हे त्याचं एक संभाव्य कारण. मग जर्मनीतल्या एर्लांगेनला जॉर्ज शेट यांच्या गटाने रक्ताच्या कर्करोगातला दुसरा उपाय उचलला. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढायच्या, त्यांना बी पेशींवरचं सीडी१९ हे चिन्ह ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं. याला कार-टी म्हणतात. २०२१ मध्ये त्यांनी ल्युपस असलेल्या एका विशीतल्या मुलीवरचा परिणाम जाहीर केला. २०२४ च्या सुरुवातीला पंधरा रुग्णांचा अहवाल आला. त्यातल्या आठ ल्युपस रुग्णांपैकी प्रत्येकाचा आजार शांत झाला होता आणि सर्वांची इतर औषधं थांबली होती. सर्वांत विलक्षण बाब पुढेच आहे. काही महिन्यांनी बी पेशी परत आल्या, पण कोऱ्या आल्या. जुनी चूक त्यांच्यात नव्हती.

कार-टीची ही तलवार महाराष्ट्रात तयार आहे. मुंबईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत घडलेली आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात जून २०२१ मध्ये पहिल्यांदा वापरलेली कार-टी पुढे ‘नेक्सकार१९’ या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. तिचं लक्ष्य तेच, सीडी१९. किंमत अमेरिकेतल्या तशाच उपचाराच्या साधारण एक दशांश. ती मान्यता रक्ताच्या कर्करोगापुरती आहे आणि एक दशांश किंमतही देवरी तालुक्यातल्या कोणत्याही कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. पण ज्ञान आणि हात इथलेच आहेत, ही गोष्ट लहान नाही. म्हणूनच पुढचा प्रश्न टाळता येत नाही: ज्या बी पेशी आपण पुसून टाकायला निघालो आहोत, त्या इथल्या शरीरात आणखी काय काय करत असतात?

१९६० च्या दशकात ब्रायन ग्रीनवुड हे तरुण ब्रिटिश डॉक्टर नायजेरियातल्या इबादानला काम करत होते. इंग्लंडमध्ये शिकताना नेहमी दिसणारा आमवात आणि ल्युपस तिथल्या वॉर्डात जवळजवळ दिसतच नव्हता. १९६८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं, की लहानपणापासून होणारा मलेरिया आणि इतर परजीवी संसर्ग कदाचित या आजारांना रोखत असतील. दोन वर्षांनी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आपोआप ल्युपससारखा आजार होणाऱ्या उंदरांना मलेरियाची लागण केली, तर त्यांचा आजार खरोखर दबला. याउलट लंडनमध्ये स्थायिक झालेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांची पाहणी झाली तेव्हा त्यांच्यात ल्युपसचं प्रमाण तिथल्या गोऱ्या लोकांहून कितीतरी जास्त निघालं. मलेरियाचा मुलूख सोडला आणि आजार वाढला, असा याचा अर्थ लावता येतो. पण मलेरियाच्या मुलखात ल्युपस ओळखणारं कुणी नव्हतं, लंडनमध्ये होतं, असाही लावता येतो.

आपल्याकडे हाच पेच आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत डॉ. आनंद मालवीय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत ल्युपसचं प्रमाण लाखात सुमारे तीन आढळलं. ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतला २०२१ चा अंदाज लाखात सुमारे ७३ आहे. पद्धती वेगळ्या, काळ वेगळा, तरीही दरी मोठी आहे. भारतीय खेड्यात हा आजार खरंच कमी आहे, की निदान होण्याआधीच बाई ‘किडनी फेल’ किंवा ‘ताप डोक्यात गेला’ म्हणून जाते? या प्रश्नाचं उत्तर दिल्लीतून मिळणार नाही. मुंबईतूनही नाही. जिथे मलेरिया आजही आहे आणि नोंदीच्या वहीत ल्युपस हा शब्द क्वचितच लिहिला जातो, तिथे जाऊन मोजल्याशिवाय ते कळणार नाही.

गेल्या पंधराएक वर्षांत रोगप्रतिकारशास्त्राने या जुन्या कोड्याला पेशींच्या पातळीवर हात घातला आहे. आफ्रिकेतल्या मालीमध्ये वारंवार मलेरिया होणाऱ्या लोकांच्या रक्तात एका विचित्र जातीच्या बी पेशी भरपूर असल्याचं २००९ मध्ये दिसलं. स्मृती जपणाऱ्या पेशींवर जी चिन्हं असायला हवीत, त्यातली काही त्यांच्यावर नव्हती. दोन वर्षांनी अमेरिकेत वयस्क आणि ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःवर उलटणारे, आजार असलेल्या उंदरांत जवळजवळ तशाच पेशी सापडल्या. २०१८ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या इग्नासिओ सान्झ यांच्या गटाने ल्युपस रुग्णांत त्यांचा कसून अभ्यास केला. तीव्र आजार असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांत त्या विशेष वाढलेल्या होत्या आणि त्यांच्यातूनच स्वतःवर उलटणारी प्रतिपिंडं तयार होत होती. २०२१ मध्ये सुसान पीअर्स यांच्या गटाने एकेका पेशीची जनुकं वाचून दाखवलं, की मलेरियातल्या, एचआयव्हीतल्या आणि ऑटोइम्यून आजारांतल्या या पेशी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या आहेत.

मग ल्युपसमध्ये खलनायक ठरलेली पेशी मलेरियात काय काम करते? तिथे ती दमलेली आहे की संरक्षण करते आहे, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. हा प्रश्न फक्त जिज्ञासेचा नाही. मलेरियाच्या भागात वाढलेल्या प्रौढाला जी अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती येते, ती मोठ्या प्रमाणात प्रतिपिंडांवर उभी असते. १९६१ मध्ये गांबियातल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडं काढून आजारी मुलांना दिली, तर मुलांच्या रक्तातले मलेरियाचे परजीवी घटले, हे कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी दाखवलं होतं. आता चिचगडच्या एखाद्या ल्युपस रुग्णाच्या बी पेशी रिटुक्सिमॅबने साफ केल्या, तर पुढच्या पावसाळ्यात तिचं काय होईल? जुनी प्रतिपिंडं तयार करणाऱ्या मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतं, त्या बऱ्याचशा वाचतात. म्हणजे संरक्षण पूर्ण जाणार नाही. पण किती राहील आणि किती काळ? एर्लांगेनच्या डॉक्टरांना हा प्रश्न पडण्याचं कारणच नाही, कारण तिथे पावसाळ्यानंतर मलेरिया येत नाही.

जनुकांच्या पातळीवरही एक धागा सापडला आहे, आणि सिकलसेलच्या मुलखातल्या वाचकाला तो लगेच उमगेल. सिकलसेलचं एक जनुक असलेल्या माणसाला मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये मांडलं. दोन जनुकं आली, की ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे पूर्ण सिकलसेल आजार. फायदा आणि शाप एकाच ठिकाणी. बी पेशींवर एफसी-गॅमा-आर-टू-बी नावाचा एक ब्रेक असतो. तो कमकुवत करणारा एक जनुकीय प्रकार आफ्रिकेत आणि आशियात युरोपपेक्षा जास्त आढळतो. केंब्रिजमधल्या केनेथ स्मिथ यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं, की या प्रकाराच्या दोन्ही प्रती असतील तर केनियातल्या मुलांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं आणि त्याच वेळी ल्युपसचा धोका वाढतो. ब्रेक सैल असला, की जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं जोमाने तयार होतात आणि स्वतःविरुद्धही. मलेरियाने माणसाच्या जनुकांवर हजारो वर्षं जी निवड केली, तिची किंमत कदाचित आजची सांधे सुजलेली बाई मोजते आहे. गोंड आणि हलबा समाजात हे प्रमाण किती, हे तपासण्याजोगं आहे.

बाईच का? ल्युपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात. एक्स गुणसूत्रावर टीएलआर७ नावाचं जनुक आहे. ते विषाणूंचा आरएनए ओळखतं. स्त्रियांमध्ये दोन एक्सपैकी एक बंद असतो, पण हे जनुक काही पेशींत त्यातूनही निसटून चालू राहतं. २०२२ मध्ये कॅरोला विनुएसा यांच्या गटाने स्पेनमधल्या एका मुलीत या जनुकातल्या एकाच बदलामुळे ल्युपस झाल्याचं सिद्ध केलं. तो बदल उंदरात घातला तेव्हा त्याच विचित्र बी पेशी वाढल्या. आणि ल्युपसमध्ये आयुष्यभर दिली जाणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी हाच मार्ग मंदावते. ही गोळी मूळची मलेरियाच्या औषधांच्या कुळातली. मलेरियाच्या औषधांनी ल्युपसचे व्रण सुधारतात, हे १९५१ मध्ये फ्रान्सिस पेज या इंग्रज डॉक्टरांनी नोंदवलं होतं. २०२० मध्ये कोविडच्या धास्तीने लोकांनी ही गोळी घरात भरून ठेवली आणि देशभरातले ल्युपस रुग्ण तिच्यासाठी दुकानं धुंडाळत राहिले. मलेरिया आणि ल्युपस यांचं नातं असं औषधाच्या पाकिटापर्यंत येऊन पोचतं.

या सगळ्याचा चिचगडच्या दवाखान्याशी आज, या घडीला काय संबंध? एक थेट संबंध प्रयोगशाळेच्या कागदाचा आहे. सांधे दुखले की ‘आरए फॅक्टर’ तपासायला सांगतात आणि तो पॉझिटिव्ह आला, की आमवात झाला असं समजतात. पण हा फॅक्टर म्हणजे प्रतिपिंडाविरुद्धचं प्रतिपिंड. दीर्घ संसर्गाने बी पेशी सतत चेतवलेल्या राहिल्या, की तो रक्तात येतोच. कुष्ठरोगात येतो, क्षयात येतो, मलेरियातही येतो. दुसऱ्या बाजूने खऱ्या आमवाताच्या पाचातल्या साधारण एका रुग्णात तो सापडतच नाही. अँटी-सीसीपी ही नवी चाचणी जास्त विश्वासू आहे, पण क्षयरुग्णांत तीही फसल्याच्या नोंदी आहेत. सिकलसेलच्या रुग्णांत ल्युपससाठीची एएनए चाचणी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त दिसतं. उलट सिकलसेल आहे हे एकदा ठरलं, की प्रत्येक दुखणं त्याच्याच नावावर जातं आणि सोबतचा ल्युपस नजरेतून सुटतो. त्यामुळे इथे कागदापेक्षा बोट दाबून पाहणं जास्त खरं ठरतं. सकाळचा ताठरपणा तासभर टिकतो का? सूज दोन्ही हातांच्या तशाच सांध्यांत आहे का? सहा आठवडे झाले का? हे प्रश्न आशाताईलाही शिकवता येतील.

महाराष्ट्रात गावात जाऊन सांधेदुखी तपासण्याच्या वाटेने आधी कुणी चाललेलं नाही, असं नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा तो भाग होता. प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना हाडास्नायूंचं दुखणं होतं आणि आमवात सुमारे अर्धा टक्का लोकांत. आकड्यांपेक्षा महत्त्वाचं हे, की पाहणी करणारे निघून गेले नाहीत. रुग्णांना वर्षानुवर्षं औषधोपचार मिळत राहिला. ‘भिगवण मॉडेल’ हे नाव जगभरच्या संधिवाततज्ज्ञांच्या तोंडी बसलं, ते यामुळे.

पण एक आक्षेप मनापासून घ्यायला हवा. जिथे संधिवाततज्ज्ञ नाही, तिथे जाऊन बी पेशी मोजायला रक्त काढणं कितपत न्याय्य? या आक्षेपाला पूर्व विदर्भातच अनुभवाचा आधार आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं, तेव्हा सुरुवातीला सिकलसेलचा अभ्यास केला. संशोधन म्हणून ते मोलाचं ठरलं, पण लोकांना त्याची तातडी वाटत नव्हती आणि त्यातून त्यांच्या हाती काही पडलं नाही, असं डॉ. बंग यांनी स्वतः सांगितलं आहे. पुढे त्यांनी लोकांना विचारून प्रश्न निवडले आणि नवजात बालकांचं काम जगापुढे गेलं. सांधेदुखी मात्र या कसोटीला उतरते. ती विचारायला जावं लागत नाही, बाई स्वतः सांगत येते. रोवणीला हात चालला नाही, तर घराची मजुरी बुडते. म्हणून क्रम असा असावा: आधी उपचार, मग त्याच भरवशावर रक्ताचा नमुना.

आणि ते अशक्य नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची राष्ट्रीय रक्तप्रतिकारशास्त्र संस्था ल्युपसच्या प्रतिपिंडांवर वर्षानुवर्षं काम करते आहे, आणि सिकलसेलसारख्या आनुवंशिक विकारांसाठी याच संस्थेचं केंद्र चंद्रपुरात आहे. म्हणजे ल्युपस जाणणारे आणि पूर्व विदर्भाचं रक्त जाणणारे लोक एकाच संस्थेच्या छपराखाली आहेत. चिचगड आणि देवरीच्या रुग्णालयांत महिन्यातून एक ठरलेला सांधेदुखीचा दिवस, तिथे गोंदियाहून येणारा फिजिशियन, मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा न खंडणारा साठा, गरज पडली तर नागपूरला रिटुक्सिमॅबची सोय आणि बसभाडं. त्याच दिवशी, संमतीने, एक नळी रक्त. बी पेशी जिवंत हव्यात, तर ते रक्त त्याच दिवसात गोंदियाला पोचून वेगळं करून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावं लागेल. पावसाळ्याआधी एक नमुना आणि पावसाळ्यानंतर एक, म्हणजे मलेरियाचा हंगाम मधोमध येईल. सिकलसेलचा पॅटर्न सोबत नोंदलेला असेल. निरोगी शेजाऱ्यांचेही नमुने लागतील, कारण इथल्या निरोगी माणसाच्या बी पेशी कशा असतात, हेच मुळात कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. संमतीचा कागद मराठीत असून भागणार नाही. तो गोंडीत आणि छत्तीसगडीत वाचून दाखवावा लागेल. आणि वर्षाने निकाल हाती आले, की ते आधी त्या गावांच्या ग्रामसभांत सांगावे लागतील, मग परिषदांमध्ये.